पनवेलच्या चिखलात रुतलेला तिसरा अंक

ठाण्याहून पनवेलला निघालेल्या मोटारीत आमच्या नाटक कंपनीतले निम्मे लोक उलटीच्या बेतात होते आणि अण्णासाहेब गाण्याच्या बेतात. दोन्हींतलं काय आधी होतंय या धास्तीनं मी खिडकीबाहेर तोंड काढून माझं भाषण घोकत होतो.

अण्णासाहेब म्हणजे आमच्या कंपनीचे मालक, नायक आणि गायक. वय पन्नाशीचं, भूमिका पंचविशीची. त्यांच्या ऐतिहासिक नाटकांत मी इतकी वर्षं भाला धरून उभा होतो, की त्या भाल्याला पालवी फुटायची तेवढी बाकी होती. पण तिसऱ्या अंकात पोटात कट्यार घेऊन मरणाऱ्या फितूर किल्लेदाराचं काम करणारा नट लग्न करून इंदूरला सासऱ्याच्या दुकानात जाऊन बसला, आणि ते दीड पानाचं भाषण माझ्या वाट्याला आलं. अण्णासाहेबांनी रोखठोक सांगितलं होतं, "पनवेलला जमलं तर मुंबईतही तूच. नाही जमलं तर तुझा तू मोकळा." मोकळा म्हणजे सांगलीला. तिथं माझ्या थोरल्या भावानं एका पेढीत माझ्यासाठी कारकुनाची जागा धरून ठेवली होती.

शीळफाटा मागे पडला, तळोज्याची भातखाचरं गेली आणि हवेला खारट वास आला. रस्त्याच्या कडेला गाड्यांची नवी कोरी लाकडी चाकं एकमेकांना टेकून उभी होती. ही चाकं आणि पोहे यांसाठी पनवेल प्रसिद्ध आहे, असं शेजारच्या उतारूनं मोठ्या अभिमानानं सांगितलं. खानावळीत तांदळाच्या भाकरीबरोबर निवट्या (खाडीच्या चिखलात उड्या मारणारा मासा) होत्या. अण्णासाहेबांनी चवीनं चार खाल्ल्या आणि मग त्या कुठं राहतात हे कळल्यावर आवाज बसेल म्हणून अर्धा तास गुळण्या केल्या.

बंदराजवळच्या मैदानात मंडप उभा होता, पण दिवे नव्हते. दिवे ते भाड्यानं देणाऱ्या एलोजीशेठांच्या वखारीत होते आणि वखारीला कुलूप होतं. एलोजीशेठ शनवार तेली (शनिवारी घाणा बंद ठेवणारे, इकडच्या बेने इस्रायली ज्यूंना हे जुनं नाव). पांढरा सदरा घालून ते ओटीवर शांत बसले होते.

"आज शब्बाथ आहे," ते म्हणाले. "मी किल्लीला हात लावत नाही."

"आम्ही उघडतो, आम्हीच पेटवतो. तुम्ही नुसतं हो म्हणा," मी विनवलं.

"अहो, तो धंदाच झाला की. काल दुपारी आला असतात तर सगळ्या बत्त्या मंडपात पोचवल्या असत्या. आता आकाशात तीन तारे दिसून शब्बाथ सुटला की या."

आमच्या अण्णासाहेबांनी शनिवार का धरला होता? तर मुंबईत शनिवारी थिएटर भरतं म्हणून. पनवेलला कोणाला विचारायचं म्हणजे त्यांच्या मते गाढवाला गुळाची चव विचारण्यासारखं होतं.

संध्याकाळी खाडी भरू लागली आणि भरतीबरोबर पलीकडच्या आगरी गावांतली माणसं आली. बायका, पोरं, म्हातारे, कंदील, शिदोऱ्या. बंदर होड्यांनी गजबजून गेलं. त्यांचा पुढारी हिराजी नाखवा (होडीचा मालक) मंडपात डोकावला आणि त्यानं मला पहिला प्रश्न विचारला, "सुटल कवा तुमचा नाटक?"

"का हो?"

"पानी उतराला लागला का आमी निंगनार. नायतर होऱ्या (होड्या) चिखलान बसतीन. सकालपरत."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. दिवे लागणार तारे दिसल्यावर, प्रेक्षक उठणार ओहोटी लागल्यावर, आणि माझं मरण तिसऱ्या अंकाच्या शेवटी. मी धावत अण्णासाहेबांकडे गेलो आणि दोन पदं गाळा म्हणून हात जोडले. ते गालाला रंग लावत होते. "लोक पदं ऐकायलाच येतात," ते म्हणाले. "तुझं मरण बघायला कोणी येत नाही."

मग मी एलोजीशेठांच्या अंगणात जाऊन मान वर करून उभा राहिलो. दोन तारे दिसले. तिसरा कुठल्या कुठं दडी मारून बसला होता.

"दोन काय, तीन काय, शेठ. काळोख झालाय की."

"दोन म्हणजे अजून शनिवारच," ते म्हणाले, पण माझी कीव येऊन तेही माझ्याशेजारी उभे राहिले आणि शोधू लागले. शेवटी तिसरा त्यांनाच दिसला. हात जोडून ते काहीतरी पुटपुटले आणि मग मात्र त्या वयात अशा चपळाईनं बत्त्या पेटवल्या की आमचे पडदेवाले बघत राहिले.

पुढच्या खुर्च्यांवरच्या गावातल्या बड्या मंडळींनी पहिल्याच पदाला वन्समोअर दिला. दुसऱ्या पदाला कोणी दिला नाही, तो अण्णासाहेबांनी स्वतःच घेतला. विंगेतून मला हिराजी नाखवा दिसत होता. तो मधूनमधून बाहेर जाऊन पाणी बघून यायचा आणि दर खेपेला त्याचा चेहरा आणखी लांब झालेला असायचा.

अखेर तिसरा अंक आला. पोटाशी कट्यार धरून मी रंगमंचावर आलो. अण्णासाहेबांनी शिकवल्याप्रमाणे थबकलो, आभाळाकडे पाहिलं, एक दीर्घ सुस्कारा सोडला. एवढ्यात नाखवा उभा राहिला. "उठा रं. पानी चालला."

जाजमावरच्या रांगाच्या रांगा उठल्या. बायका झोपलेली पोरं खांद्यावर टाकू लागल्या, चपला शोधू लागल्या. सांगलीची पेढी मला समोर दिसत होती, अगदी शाईच्या दौतीसकट. तेवढ्यात अगदी पुढची एक म्हातारी, नातवाला कडेवर घेऊन, मला म्हणाली, "बोल बाबा काय तां लवकर. आमाला जावाचा हाय."

सगळा मंडप हसला. विंगेतून अण्णासाहेब दात ओठ खात होते.

"बोलतो, आई," मी म्हणालो. "जरा थांबा."

आणि बोललो. सुस्कारे नाहीत, आभाळ नाही, काही नाही. तिच्याकडे बघून, होडी सुटायच्या आत सांगून टाकावं तसं सगळं सांगून टाकलं. किल्ला का विकला, कोणाला विकला, आणि आता आईला तोंड कसं दाखवू. मरणाऱ्या माणसालाही घाईच असते, हे मला तोवर कोणी शिकवलंच नव्हतं. नाखव्यानं आणखी एकदा हाक दिली. मग तोही चपला हातात घेऊन तसाच उभा राहिला. कोणी बसलं नाही आणि कोणी गेलंही नाही. मी पडलो तेव्हा म्हातारी पदरानं डोळे पुसत होती. टाळ्या वाजवायला कोणी थांबलं नाही, सगळे बंदराकडे धावत सुटले.

सकाळी मोटारीला अवकाश होता म्हणून मी बंदरावर गेलो. होड्या चिखलात कलंडून पडल्या होत्या आणि गावंच्या गावं काठावर बसून, गूळपोहे खात, भरतीची वाट बघत होती. नाखव्यानं तोंड फिरवलं. म्हातारीनं मला ओळखलं.

"तुज्या मरनापाई आमचा पानी गेला रं मेल्या," ती म्हणाली आणि मूठभर पोहे माझ्या हातावर ठेवले.

पुढे टेलिव्हिजनवर म्हाताऱ्यांची कामं करून माझं तोंड घरोघरी पोचलं, रस्त्यात माणसं थांबवून स्तुती करतात, पण मला असा अभिप्राय पुन्हा मिळाला नाही. घरी बसून बघणाऱ्याचं काय जातंय?

परतीच्या मोटारीत अण्णासाहेबांनी शीळफाट्यापर्यंत माझंच भाषण पुटपुटून पाहिलं. मग घसा खाकरून म्हणाले, "भाषण झकास आहे. मुंबईत ते मी म्हणेन."

"पण ते फितुराचं आहे. तुम्ही नायक."

"नायकाला फितूर करू. नाटककार आपलाच माणूस आहे."

मला रडू कोसळायला हवं होतं. त्याऐवजी हसू आलं, आणि ते ठाण्यापर्यंत आवरेना. ठाण्याला उतरून मी त्यांना नमस्कार केला तो शेवटचाच. दुसऱ्या कंपनीचं दार ठोठावायच्या आधी सांगलीला जाऊन भावाला तोंडावर सांगितलं की ती जागा दुसऱ्या कोणाला तरी दे.

"असं झालं तरी काय तिकडे?" दादानं विचारलं.

"मोठं काम मिळालं होतं, ते मालकानं काढून घेतलं."

"मग?"

"माझ्यामुळे तीन गावांची माणसं रात्रभर चिखलात अडकून पडली."

"आणि याचा तुला आनंद झालाय?"

झाला होता. काय सांगू, फार झाला होता.