इतिवृत्तातला फटाका

दादांनी कमरेचं रिव्हॉल्व्हर काढलं आणि टेबलावरच्या माझ्या हजेरीपटावर ठेवलं. सह्यांवर.

"लिहा काका, फटाक्याने काच फुटली. तुमचं अक्षर चांगलं आहे."

रविवार, सकाळचे साडेदहा. ठाकुर्लीतल्या आमच्या सोसायटीचं पार्किंग. मी सेक्रेटरी, वय एकावन्न. दादा छत्तिशीचे. इमारतीखालची जमीन त्यांच्या आजोबांची, बी विंगमधली पाच घरं त्यांची. सभेला हजर सभासद चौतीस.

झालं होतं ते असं. गुरुवारी संध्याकाळी बी विंगच्या गच्चीवर दादांच्या भावाची हळद होती. दादा हवेत गोळ्या झाडत होते. मी पाच आवाज मोजले. नाचता नाचता हात खाली आला असणार. पाचवी गोळी समोरच्या विंगमधल्या आमच्या खिडकीतून आत आली. मुलगी अभ्यासाला बसलेली. नंतर मी टेप लावला. भिंतीतलं भोक जमिनीपासून चार फूट दोन इंचांवर. खुर्चीत बसल्यावर तिचं डोकं तीन फूट अकरा इंचांवर. फरक तीन इंच.

बायको म्हणाली, "पोलिसांत नको, आधी सोसायटीत मांडा. आपल्याला इथंच राहायचंय."

म्हणून मांडलं. इंचांसकट.

दादा हसले. "लायसन माझं. हळद माझ्या घरची. आभाळ कोणाच्या बापाचं आहे का? आता आनंद पण विचारून करायचा?"

"घर माझं होतं," मी म्हणालो.

"म्हणून तर काच बसवून देतोय ना. काका, तुम्ही हिशेबी माणूस. मोजा, कोणाकोणाची तक्रार आहे. करा रे हात वर."

मी मोजले. शून्य. त्या संध्याकाळी ज्यांनी माझ्या मुलीला पाणी पाजलं, ते शेजारी चपलेकडे बघत होते. शून्यात मीही होतो. माझ्या हातात पेन होतं.

लिहिलं. "फटाक्याने काच फुटली. सर्वानुमते मान्य." अक्षर खरंच चांगलं आलं.

सोमवारी काच बसली. गवंड्याने भोक बुजवलं, वरून रंग मारला. गोळी आतच राहिली.

वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात मी तेवीस वर्षं माल तपासतोय. मोजलं तेवढंच लिहायचं, यावर माझं घर चालतं. मुलीने इतिवृत्ताची वही उघडून ते पान वाचलं.

"बाबा, कारखान्यात नापास माल असाच रंग मारून पास करता का?"

एवढंच. मग खुर्ची उचलून ती स्वयंपाकघरात गेली. अजून तिथंच अभ्यास करते.

मी दादांवर चिडून होतो. ते सोपं होतं. गोळी त्यांनी झाडली, पण तिचा फटाका आम्ही केला. लायसन एकाच्या नावावर. हा फटाका सगळ्यांच्या सह्यांचा.

मी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली. तीन खेपा झाल्या. उशीर का, असं विचारलं. "घाबरलो म्हणून," असं लिहून दिलं. पोलिसांसमोर प्लास्टर फोडून गोळी काढली. चौकशी चालू आहे, म्हणतात. रिव्हॉल्व्हर अजून दादांच्या कमरेला आहे.

पुढच्या सभेचा पहिला विषय, नेहमीचा: मागील इतिवृत्त वाचून कायम करणे. मी उभा राहिलो.

"मागचं इतिवृत्त खोटं आहे. ते मी लिहिलं. दुरुस्ती अशी. बी विंगमधील एका सभासदाने झाडलेली गोळी ए विंगमधील घरात घुसली. त्याने सभेत शस्त्र टेबलावर ठेवले. सर्व सभासद गप्प राहिले, सेक्रेटरीसह."

दुरुस्तीत 'दादा' हा शब्द नव्हता. नुसता 'सभासद'.

"काका, बसा खाली," ते म्हणाले. "बीपीची गोळी घेतली ना सकाळी?"

काही जण हसले. मी बसलो नाही. दुरुस्तीला सूचक लागतो, अनुमोदक लागतो. सूचक मी. अनुमोदक कोण, असं तीनदा विचारलं. शेजाऱ्यांकडे बघून विचारलं.

वहीत ती जागा कोरी आहे. मी ती खोट्याने भरणार नाही. सेक्रेटरीपद काढून घेतलं तर सभासद म्हणून उभा राहीन. दर सभेत, पहिल्या विषयाला, हेच वाचणार.

गोळी होती. चार फूट दोन इंच. अनुमोदक कोण?