फोन पिवळा दाखवतो

पॉलिशवाल्याने सहा वर्षांपूर्वी फोन घेतला तेव्हा दुकानदाराला एवढंच सांगितलं होतं, "भारीतला नको, हलक्यातला नको, मधला द्या." त्या मधल्याने संसार मात्र नेटाने केला. पडद्याला तडा गेला, निघालेली पाठ लाकडाच्या गोंदाने चिकटवून झाली, आणि चार्जिंगची वायर काडेपेटीचा टेकू दिल्याशिवाय लागेनाशी झाली. दुपारी बारालाच बॅटरी मान टाकायची. तरी पॉलिशवाल्याची तक्रार नव्हती.

गिऱ्हाइकं घरच्या टेबला-कपाटांचे फोटो पाठवायची आणि हा गडी त्यावरून रंग जुळवायचा. जुन्या लाकडाशेजारी नवं ठेवलं तरी ओळखू येणार नाही, असं त्याचं नाव होतं आणि तेवढ्यावरच त्याच्याकडे कामं यायची. मदतीला फक्त लेक. ती घासकाम करायची आणि संध्याकाळी तो घरी गेला की मागे थांबून आवराआवर करायची.

गेली दोन वर्षं फोन पिवळं दाखवायला लागला होता. फोटोत खुर्चीमागची भिंतसुद्धा पिवळी. म्हातारा झाला बिचारा, असं म्हणून पॉलिशवाल्याने उपाय काढला. फोनचा पिवळेपणा मनातल्या मनात वजा करायचा आणि रंगात लाल चिमूटभर जास्त घालायचा. जमत होतं. निदान काम परत येत नव्हतं.

मग एक खुर्ची परत आली. त्या आठवड्यात लेक तापाने घरी झोपून होती, त्यामुळे काम त्याने एकट्याने केलेलं. बाईंच्या घरच्या पाच जुन्या खुर्च्यांशी जुळवायची ही सहावी, नवी. ती घेऊन आलेल्या बाई म्हणाल्या, "पाच बहिणींत ही सावत्र दिसते हो." असं त्याला आयुष्यात कुणी ऐकवलं नव्हतं. त्याला ते फार लागलं. घरी जेवताना चिडचिड केली आणि सगळं खापर फोनवर फोडलं.

लेकीने वाद घातला नाही. बरी झाल्यावर तिने नवा फोन आणला, तोही मधलाच. बाईंनी पाठवलेला खुर्च्यांचा फोटो त्यावर उघडून बापाच्या हातात दिला.

त्याने फोन दाराशी उजेडात नेला, तिरका केला, जवळ धरला, लांब धरला.

"हाही पिवळंच दाखवतोय," तो म्हणाला. "परत करून टाक."

लेकीने जुना फोन शेजारी धरला. "बाबा, भिंत पांढरी आहे. दोन्हींत."

"तुला दिसते पांढरी?"

"सगळ्यांनाच दिसते. डोळे दाखवून घेऊ. मोतीबिंदू असेल, काढता येतो."

त्याचं डोकं भलतीकडेच गेलं होतं. "मग दोन वर्षं एकही काम परत कसं आलं नाही?"

लेक फडक्याला हात पुसत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही गेल्यावर मी वरून एक हात मारायचे. लाली दबेल इतपत."

"सगळ्या कामांवर?"

"सगळ्या."

या धंद्यात रंगाच्या थराला हात म्हणतात, आणि शेवटचा हात ज्याचा, काम त्याचं. हे तिला त्यानेच शिकवलं होतं.

त्याने परत आलेली खुर्ची दोघांच्या मधे ओढली. अपमान वाटला, सुटल्यासारखंही वाटलं, आणि जास्त काय वाटलं ते त्याला ठरवता येईना. शेवटी कापडात बांधलेली कापसाची पुरचुंडी त्याने रंगात बुडवली, पिळली आणि लेकीपुढे धरली.

"मार," तो म्हणाला. "माझ्यादेखत मार."