छत बघितल्याशिवाय हो म्हणायचं नाही

माझी धाकटी बहीण उंचावरून लटकायचे खेळ करायची. छताला लांब कापड बांधायचं, त्यावर चढायचं, अंगाला वेढे घ्यायचे आणि एकदम सोडून द्यायचं. खाली बसलेल्यांच्या काळजाचा ठोका चुकायचा. लहानपणापासून चढायची म्हणून घरात सगळे तिला खारूताई म्हणायचे. मी मोठी, मी नुसतं खारे म्हणायची. ती गेली. येणारा प्रत्येक जण विचारतो कसं झालं, म्हणून एकदाच लिहून टाकते. लिहायची सवय नाही, बोलते तसंच लिहितेय.

आधी ती कामं स्वतःच मिळवायची. हॉलवाल्याकडे जायची आणि पहिलं विचारायची, शिडी आहे का. वर चढून तुळई ठोकून बघायची, कडीला दोर बांधून स्वतः लोंबकळायची. मग खाली येऊन बाकीचं बोलणं. एकदा एक मॅनेजर म्हणाला, "बाई, खेळ करायला आलात का रंग द्यायला?"

ही वरूनच म्हणाली, "रंग उडाला तर परत लावता येतो हो."

छत पटलं नाही की काम सोडून यायची. आई वैतागायची. "छतं बघते छतं! एवढ्या बारकाईने एखादा मुलगा बघितला असतास तर आज संसार असता."

पण भाव करायचं तिला जमायचं नाही. समोरचा गोड बोलला की पाघळायची. ठरायचं एक, हातात यायचं भलतंच. वर नको ती माणसं नको ते बोलायला फोन करायची. म्हणून तिने एजंट धरला. आई त्याला मधला म्हणायची, "आला का तुझा मधला?"

तो वाईट माणूस नव्हता, हे मी आजही सांगते. मोठ्या जागा त्याने मिळवून दिल्या, राहायला नीट खोली, न्यायला गाडी. तिचे फोन तोच घ्यायचा त्यामुळे वात्रट लोक आपोआप बंद झाले. ती निवांत झोपायला लागली.

फक्त आता हो तो म्हणायचा, आणि छत ती नंतर बघायची.

खेळाच्या आदल्या दिवशी आपल्याला जागा दाखवायची, अशी अट तिने त्याला घातली होती. तो म्हणाला हो हो. मग कामं वाढली, आज इथे उद्या तिथे, आदला दिवस उरलाच नाही. एकदा आमच्या स्वयंपाकघरात बसूनच त्यांचं बोलणं झालं.

"छत मजबूत आहे, विचारून घेतलंय," तो म्हणाला.

"कोणाला?"

"मॅनेजरला."

"मॅनेजर लटकतो का त्याला?"

तो हसला, तीही हसली. मला काही हसू आलं नाही.

मग एका ठिकाणी लोक खुर्च्यांवर येऊन बसलेले आणि ही वर जाऊन बघते तर कडी हलतेय. खाली आली, म्हणाली करणार नाही. दुसऱ्या दिवशी एजंट घरी आला. म्हणाला, "नाक कापलंस गं माझं. तुझ्या नावाने शब्द दिला होता मी. चार लोकांपुढे मान खाली घातली." ओरडला नाही, तेच वाईट झालं. ओरडला असता तर ती भांडली असती. ती नुसती नखं कुरतडत बसली.

शेवटचं काम एका नव्या हॉटेलात होतं. दुपारी तिचा फोन आला.

"ताई, इथे वरचं काही दिसतच नाही गं. सगळं पांढरं गुळगुळीत फॉल्स सीलिंग, त्यातून नुसता हूक बाहेर आलाय. आत कशात अडकवलाय कोणालाच माहीत नाही."

"मग ये निघून."

"उघडून दाखवा म्हटलं तर म्हणतात आजच उद्घाटन आहे, तोडफोड नको."

"खारे, ऐक माझं. निघ तू."

"माझा शब्द असता तर मोडला असता गं. त्याने दिलाय ना. परत त्याला मान खाली घालायला लावू?"

मी एजंटला फोन लावत राहिले. सारखा बिझी.

हूक तिच्यासकट खाली आला. आत लाकडाच्या पट्टीत पिळून बसवला होता म्हणे.

एजंट भेटायला आला, खरं रडला. "दोनदा विचारलं हो मी त्यांना." आईने त्याला पाणी दिलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. दाराशी गेला, नाक पुसलं आणि बोलला, "हो. करेल की ती. शुक्रवारी ना? काही प्रॉब्लेम नाही."

मी विचारलं, "कोण करेल?"

"एक मुलगी आहे. कापडावरचीच. खारीची तारीख होती ती, मोकळी कशी ठेवणार..."

"तिने छत बघितलंय?"

मी तिचा नंबर मागितला, त्याने दिला. त्याच्यासमोरच लावला. अगदी कोवळा आवाज होता. मी कोण ते सांगितलं. म्हटलं, एजंट ठेव बाळा, भाव त्याला करू दे, फोन त्याला घेऊ दे. पण हो तू म्हण, आणि वर चढून बघितल्यावरच म्हण.

ती म्हणाली, "पण मावशी, सरांनी तर हो म्हटलंय ना?"