ओवीतली माझी मांडी

१९४८ च्या सुरुवातीला, ऐन हिवाळ्यात, आमची प्लाटून काश्मीरमध्ये एका पिकेटवर होती. पिकेट म्हणजे डोंगरमाथ्यावरची पुढची चौकी. मी लान्स नाईक मुंजाजी, गाव झरी. ब्रेन गन, म्हणजे हलकी मशीनगन, माझ्याकडे. गनवरचा माझा जोडीदार, नंबर टू, शिपाई खंडू लिंबाजी, चारठाण्याचा धनगर. पहाटे साडेपाचला स्टँड-टू, सगळे हत्यारं घेऊन सज्ज, मग चहा, मग गनची साफसफाई. मॅगझिनमध्ये गोळ्या भरताना खंडू हळू आवाजात ओव्या म्हणायचा. ओव्या त्याच्या वडिलांनी बांधलेल्या असत.

त्या दिवशी दुपारी ३.४० ला मॉर्टरचा मारा सुरू झाला. ४.१० ला वायरलेसवर हुकूम आला, "जखमी घेऊन खाली या. ओव्हर."

हवालदार म्हणाले, "मुंजाजी, कव्हर दे. तू आणि खंडू शेवटी निघा."

प्लाटून नाल्यात उतरली. आम्ही उठलो तोच गोळा फुटला. खंडूचे दोन्ही पाय गेले. शुद्ध होती.

"मुंजा, पानी दे."

माझी बाटली रिकामी होती.

"उचल मला."

"आलोच," मी म्हणालो. ब्रेन उचलली आणि पळत सुटलो.

नाल्यात हवालदारांनी विचारलं, "खंडू?"

"गेला, साहेब. जागीच."

रिपोर्टात तसंच लिहिलं गेलं. गन वाचवली म्हणून मला शाबासकी मिळाली, पुढे नाईकची फीतही.

तिसऱ्या दिवशी आम्ही पिकेट परत घेतलं. खंडू आमच्या मोर्चात, गनच्या खड्ड्यात, नव्हता. उतारावर बराच खाली होता, डोकं एका धोंड्यावर. बर्फावर मोर्चापासून तिथवर रक्ताचा पट्टा होता. सगळे म्हणाले, दुश्मनानं ओढलं असेल. पण तो पट्टा मी ज्या वाटेनं पळालो, त्याच वाटेवर होता.

पुढच्या वर्षी रजेवर आलो. तोवर हैदराबाद संस्थान भारतात आलं होतं. चारठाण्यात जुन्या देवळांच्या मागे खंडूच्या वडिलांचा, लिंबाजीआबांचा, मेंढरांचा वाडा होता. आबांनी एकच विचारलं, "पोरगं एकलंच व्हतं का रं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "न्हाई आबा. माझ्या मांडीवर गेला."

आबांनी त्याची ओवी बांधली.

*खंडू माझा गेला दूर देशी, बर्फाच्या डोंगराला*
*झरीच्या मैतरानं मांडी दिली उशाला*

दर वर्षी बिरोबाच्या जत्रेत ढोलावर ती ओवी म्हटली जाई. ती ऐकताना धनगर बायका डोळे पुसत. मला समोर बसवत. म्हातारी माणसं माझ्या पाया पडत. मी रजा घ्यायचं बंद केलं. पलटणीत कुणी नुसतं गुणगुणलं तरी मी उठून बाहेर जाई. जेवताना मांडी घालून बसवत नसे, उभ्यानं खाई. एकदा भरलेली रायफल हनुवटीखाली धरून बराच वेळ बसलो होतो. ड्यूटीची शिट्टी झाली म्हणून उठलो.

१९५६ ला पेन्शनीवर घरी आलो. त्या वर्षी आबांनी निरोपावर निरोप पाठवले. गेलो. जत्रेतली दुपार, माणसं कडं करून बसलेली. आबांचा आवाज बसला होता. ती ओवी आली आणि ते थांबले.

"तू म्हन, मुंजाजी. तू व्हतास तितं."

पहिली ओळ म्हटली. दुसरीला तोंड उघडेना. सगळे वाट बघत होते.

"आबा, मी मांडी दिली न्हाई," मी म्हणालो. "त्यो जिता व्हता. उचल म्हनला. मी आलोच म्हनलो अन् पळालो."

ढोल थांबले. एक जण काठी घेऊन उठला. आबांनी हातानं त्याला खाली बसवलं.

"पानी मागितलं का त्यानं?"

"मागितलं."

"दिलंस?"

"बाटली रिकामी व्हती."

"मंग डोई कशावर व्हती?"

"धोंड्यावर. माझ्या मागं सरपटत आल्ता, आबा."

आबांनी मान खाली घातली. त्यांचे ओठ हलत होते. शिव्या देतायत असं मला वाटलं. मग त्यांनी ढोल स्वतःच्या गळ्यात घेतला आणि फाटक्या आवाजात म्हटलं,

*खंडू माझा गेला दूर देशी, बर्फाच्या डोंगराला*
*हाक मारी मैतराला, धोंडा घेई उशाला*

या वेळी कुणी डोळे पुसले नाहीत. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी जायला उठलो. आबा म्हणाले, "दर साली यायचं. समोर बसायचं अन् ऐकायचं. मी हाय तवर सुटका न्हाई तुला."

आबा आणखी तीन वर्षं जगले. तिन्ही वर्षं मी गेलो, बसलो, ऐकलं. आबांनंतर त्यांचे पुतणे म्हणू लागले. मला आता कुणी बोलावत नाही. तरी जातो.

शिपाई खंडू लिंबाजी. वय वर्षे बावीस. चहात गूळ जास्त लागे. निशाणा चांगला होता. जागीच ठार झाला नव्हता.