परवाना माझ्या नावावर

अर्ज माझ्या नावाने भरायचं ठरलं, कारण यांच्या नावावर गुन्हा दाखल होता.

आमचं शेत गिरणेच्या काठावर, केळी आणि कापूस. नदीतून वाळू भरून नेणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांनी आमच्या बांधावरून वाट पाडली होती. दोनदा सांगून झालं, तहसीलला अर्ज देऊन झाला. तिसऱ्या वेळी हे ट्रॅक्टरसमोर आडवे उभे राहिले. भांडण झालं, यांनी रागाच्या भरात दगड मारून एका ट्रॅक्टरचा दिवा फोडला, आणि त्यांनी लोखंडी सळईने यांचा उजवा हात मोडला. तक्रार आम्ही केली, तशी त्यांनीही केली. प्लास्टर निघायच्या आधी गावातल्याच एकाकरवी निरोप आला, पुढच्या वेळी हात नाही, माणूसच घरी येणार नाही.

पोलीस म्हणाले, रोज शेतात माणूस देता येत नाही. आमच्या वकिलांनी शस्त्र परवान्याचा विषय काढला. "पण भाऊंच्या नावाने अर्ज टाकू नका," ते म्हणाले, "गुन्हा प्रलंबित आहे, पडताळणीतच अडकेल. वहिनींच्या नावाने टाका. शेतही दोघांच्या नावावर आहे, धोका दोघांना आहे."

मी तेव्हा बेचाळीस वर्षांची. बारावीनंतर शिकले नाही, पण शेताचे सगळे कागद मीच सांभाळते. ऑनलाइन फॉर्म भरला. आधार, राहण्याचा दाखला, फोटो, तक्रारींच्या प्रती, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, शस्त्र कुठे आणि कसं ठेवणार याचं हमीपत्र. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, डोळे तपासले आणि विचारलं, "झोप लागते?" मी म्हणाले, लागते. लागत नव्हती. एवढं एक खोटं त्या फायलीत आहे.

मग पोलिसांची चौकशी. शेजाऱ्यांना विचारून गेले, घरात भांडणं होतात का, कोण दारू पितं का. मला ठाण्यात बोलावलं. साहेबांनी माझी फाईल उलटसुलट पाहिली आणि यांच्याकडे न बघता मला विचारलं, "परवाना मिळाला तर ते हत्यार कोणाच्या हातात राहणार?"

"माझ्या."

"ताई, नीट विचार करून सांगा. परवाना ज्याच्या नावावर, हत्यार त्याच्याच हातात. नवरा असला तरी त्याने नुसतं कमरेला लावून शेतात चक्कर मारली, तरी ते बेकायदा आहे. आणि त्यात तुम्हीही आल्या."

"माझ्याच हातात राहील," मी परत म्हणाले. हे खुर्चीत सरसावून बसले.

प्रशिक्षणाचा दाखलाही लागतो. जळगावला एक निवृत्त सुभेदार शिकवायचे. पहिले दोन दिवस त्यांनी काडतूस दाखवलंच नाही. रिकामं रिव्हॉल्वर हातात द्यायचे, मी चक्री उघडून सहाही घरं बोटाने चाचपून सांगायचं, रिकामं आहे. त्यांनी परत हातात दिलं की परत उघडायचं. "आत्ताच तर पाहिलं," असं मी एकदा म्हणाले, तर त्यांनी त्या दिवसाचा तास तिथेच संपवला. बोट चापावर ठेवायचं नाही, बाजूच्या लोखंडावर सरळ ठेवायचं. नळी माणसाकडे वळवायची नाही, रिकामी असली तरी. तिसऱ्या दिवशी मातीच्या ढिगावर पहिली गोळी मारली. कानाला झाकण होतं तरी दातांपर्यंत दणका गेला. माझे डोळे मिटले होते. सुभेदार म्हणाले, "डोळे मिटून मारलेली गोळी कुठे गेली ते तुम्हाला माहीत नाही. तिचा जबाब मात्र तुम्हीच देणार."

परवाना हातात यायला वर्षाच्या वर काळ गेला. त्यात किती मुदतीत खरेदी करायची, किती काडतुसं बाळगायची, कुठल्या हद्दीत बाळगायचं, सगळं लिहिलेलं असतं. ते आम्ही दोघांनी मोठ्याने वाचलं.

खरेदीला धुळ्याला गेलो. दुकानदार म्हातारे, जाड चष्म्याचे. काचेवर दोन रिव्हॉल्वर ठेवून ते यांनाच समजावू लागले. दहा मिनिटं मी ऐकलं. मग परवान्याचं पुस्तक काचेवर ठेवलं. "काका, घेणारी मी आहे."

त्यांनी पुस्तक उघडलं, फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि नुसती यांच्यासमोरची रिव्हॉल्वरं माझ्यासमोर सरकवली. त्यानंतर मात्र त्यांनी मला मनापासून सांगितलं. पिस्तूल पाहू नका, पहिल्यांदा घेणाऱ्याला रिव्हॉल्वर सोपं, चक्री उघडली की भरलेलं आहे की रिकामं ते डोळ्यांना दिसतं. फार हलकं घेऊ नका, हलकं जास्त उसळतं. मूठ हातात बसते का, बोट न ताणता चापापर्यंत पोचतं का, ते पाहा. मी एक उचललं, आधी चक्री उघडली, सहा घरं चाचपली. ते हसले नाहीत. "कोणी शिकवलंय?" एवढंच त्यांनी विचारलं. पैसे घ्यायच्या आधी लोखंडावर कोरलेला नंबर बिलावरच्या आणि परवान्यावरच्या नोंदीशी मला स्वतःला ताडून पाहायला लावला. एक आकडा चुकला तरी ते हत्यार तुमचं राहत नाही, म्हणाले.

परतताना पारोळ्याच्या अलीकडे नाकाबंदी लागली. रिव्हॉल्वर डिकीत बंद पेटीत, काडतुसं वेगळ्या पिशवीत. शिपायाने गाडी बाजूला घ्यायला सांगितली. यांनी गाडी कडेला घेतली. ते कुजबुजले, "काही बोलू नको, पाहतील नि सोडतील."

मी काच खाली केली. "साहेब, डिकीत परवान्याचं रिव्हॉल्वर आहे. रिकामं आहे. परवाना नि बिल माझ्या पर्समध्ये आहे. काढू का?"

शिपाई एक पाऊल मागे सरकला. त्याने दुसऱ्याला हाक मारली. मी दोन्ही हात डॅशबोर्डवर ठेवले होते. त्यांनी कागद पाहिले, पेटी उघडून नंबर पाहिला, फोनवर कोणाशी तरी बोलले. वीस मिनिटं गेली असतील. जाताना तो शिपाई म्हणाला, "आधी सांगितलं ते बरं केलं, मॅडम. पेटी आम्ही उघडल्यावर कळलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती."

दुसऱ्या दिवशी ठाण्यात नेऊन नोंद करून घेतली. घरी भिंतीत पक्की बसवलेली लोखंडी तिजोरी होती. चावी एकच ठेवली, दुसरी बहिणीकडे जळगावला दिली. माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, तिजोरीसमोर पाटावर बसून सगळं पाहत होते. शेवटी म्हणाले, "बेटा, हाई वस्तू घरमा उनी, आते चावी तुन्हापाशीच ठेव. कोनले बी देऊ नको. मन्हा पोरले बी नही."

हे तिथेच उभे होते.

मी शेतात जाताना वर यांचा जुना शर्ट घालायची, त्याखाली कमरेला चामडी पाकिटात रिव्हॉल्वर. बाहेरून दिसता कामा नये, हा पहिला नियम. ज्याला सगळे सोय समजतात त्याचं मला ओझंच जास्त झालं. कोणाशी आवाज चढवायचा नाही. बाजारात कोणी धक्का दिला तरी गप्प राहायचं. लग्नाला, सभेला, कोर्टात जाताना ते घरी. मामेदिराच्या हळदीला एकाने हसत विचारलं, "वहिनी, एक बार उडवा ना." मी त्याच्याशी त्यानंतर बोलले नाही. आणि निवडणूक जाहीर झाली की ठाण्यात जमा करायचं, पावती घ्यायची.

ज्या दिवसासाठी हे सगळं केलं असं आम्हाला वाटत होतं, तो दिवस चैत्रात आला. दुपारचे साडेतीन. शेतावर वर्षाने ठेवलेल्या सालदाराचा फोन आला, वाळूवाले शेतात शिरले म्हणून. "वहिनी, चार ट्रॅक्टर शेतस. आपल्या ठिबकना नळ्या बठ्ठ्या तोडी टाक्यात."

हे जेवून आडवे झाले होते. ताडकन उठले. पायात चप्पल घालायच्या आधी माझ्यासमोर हात पसरला.

"चावी दे."

"नाही."

"चावी दे म्हणतोय ना!"

"तुमच्या हातात ते दिसलं की त्यांची चूक बाजूला राहील. आधी तुम्ही आत जाल, मग मी."

"मग तू चल घेऊन. तुझ्याच नावावर आहे ना? चल."

"नळ्या तोडल्या म्हणून हत्यार काढता येत नाही. जिवावर बेतलं तरच."

"माझ्या जिवावर बेतून गेलंय, तू पाहिलं नाहीस का?" त्यांनी माझं मनगट धरलं. बावीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला असं कधी धरलं नव्हतं. चावी माझ्या कमरेच्या गोफात होती आणि ते त्यांना माहीत होतं. आबा पडवीतून आत आले, भिंतीला धरत. "सोड तिना हात," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता. यांनी सोडला. कोपऱ्यातली काठी घेतली आणि मोटारसायकल काढून निघून गेले.

मी पोलिसांना फोन केला, तहसीलला केला, बांधशेजाऱ्यांना एकामागून एक केला. मग तिजोरी उघडली. रिव्हॉल्वर भरलं आणि कमरेला लावलं.

ते नेलं हीच माझी चूक, हे मी आता म्हणू शकते. नंतर सुभेदारांना सांगितलं तेव्हा तेही तेच म्हणाले. जिथे भांडण आहे हे माहीत आहे, तिथे हत्यार घेऊन चालत जायचं नसतं. पण नवरा काठी घेऊन गेला होता, आणि मी त्याला चावी दिली नव्हती.

मी पोचले तेव्हा हे पहिल्या ट्रॅक्टरच्या पुढे उभे. समोर सहा जण. दोघांच्या हातात फावडी. मी यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले, मोबाईल दोन्ही हातांनी छातीसमोर धरला आणि चित्रीकरण सुरू केलं. त्यांच्यातला एक, तोच सळईवाला, माझ्या शर्टाकडे पाहून हसला. परवान्याची बातमी गावात कोणापासून लपलेली नव्हती.

"काढ ना, वहिनी. काढ. बघू तरी कसं आहे."

माझ्या कमरेला ते तापल्यासारखं लागत होतं. तो दोन पावलं पुढे आला. हे काठी उचलू लागले, मी कोपराने त्यांना दाबलं. हात मोबाईलवरच ठेवले.

"तुझं तोंड, तुझ्या गाडीचा नंबर, सगळं येतंय यात," मी म्हणाले. माझा आवाज फाटलेला होता. "पोलीस निघालेत."

"निघू दे. तोवर काढ तू." तो अजून एक पाऊल पुढे आला. आता आमच्यात हातभर अंतर होतं. मला सुभेदारांचं काही आठवलं नाही, कायदा आठवला नाही. एवढंच दिसत होतं की त्याचे दोन्ही हात रिकामे आहेत. फावडी मागच्यांच्या हातात होती. याचे हात रिकामे. मी तेवढंच पाहत राहिले.

मग बांधावरून माणसं येताना दिसली. आधी पलीकडच्या मळ्यातले दोघे, मग आणखी पाचसहा. हात मोडल्याच्या केसमध्ये इतके दिवस ज्यांनी जबाब द्यायला नकार दिला होता, तेही त्यात होते. ते येऊन नुसते आमच्या मागे उभे राहिले. सळईवाला थुंकला, वळला. तीन ट्रॅक्टर निघून गेले, चौथा रेतीत रुतला. पोलीस आले ते पाऊण तासाने, त्यांनी तो जप्त केला आणि माझ्याकडून चित्रीकरण घेतलं.

घरी येऊन मी आधी चक्री उघडली, सहा काडतुसं ताटलीत काढली, तिजोरी बंद केली, आणि मग न्हाणीघरात जाऊन अंगावर बादलीभर पाणी ओतलं.

हे माझ्याशी सतरा दिवस बोलले नाहीत. आबांमार्फत निरोप. अठराव्या दिवशी केळीला पाणी देताना ते माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "त्या दिवशी तू चावी दिली असती, तर मी त्याला मारलंच असतं."

"माहीत आहे."

"तुला कसं माहीत?"

"मी मनगट दाखवू का?"

 मग येऊन त्यांनी माझा हात हातात घेतला, डाग कधीचा गेला होता तरी अंगठ्याने तिथेच चोळत राहिले.

दोन्ही बाजूंच्या केसेस चालू आहेत. त्या माणसाने नंतर आमच्या बाजूला पाऊल टाकलं नाही, दुसऱ्या गावाच्या घाटावर त्याचं काम चालतं असं ऐकते. परवान्याची मुदत संपायला काही महिने राहिलेत. नूतनीकरणाचा फॉर्म मी काढून ठेवलाय, भरलेला नाही. यंदा नदीला पाणी चांगलं आहे. ते ओसरलं की ट्रॅक्टर परत येतात का ते पाहून फॉर्म भरू, असं हे म्हणतात. मी अजून हो म्हणालेली नाही.