खरी नक्कल

कर्जतच्या मामलेदार कचेरीतून बायकोच्या जन्माचा उतारा काढून आणला, तेव्हा येताना मी पेढेही घेतले. उतारा दुसऱ्याच मुलीचा निघाला. पेढे तेवढे खरे होते.

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. मी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात कारकून होतो, बिऱ्हाड काष्टीत. कारकुनाला एक रोग असतो. दुसऱ्याची कचेरी दिसली की त्याला वाटतं, हे आपल्याच भाऊबंदांचं घर, आपल्याला इथं कोण अडवणार! तो रोग मला भरपूर होता.

बायकोनं लग्नानंतर घरी अभ्यास करून मॅट्रिक केलं होतं. चुलीपाशी भूगोल आणि दळताना पाढे असं करत ती पास झाली, आणि आता तिला मास्तरकीच्या ट्रेनिंगला जायचं होतं. नगरच्या अध्यापक विद्यालयात अर्ज केला. गुणांत बसली, वयात अडकली. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख एक जून. आमच्या पिढीत निम्मा जिल्हा एक जूनलाच जन्मलेला आहे. शाळा सुरू व्हायच्या आधी गुरुजी वस्त्यांवरून फिरायचे. पोरानं उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरला की पोर शाळेजोगं झालं, लिहा एक जून. हिचे हात मुळातच लांब. त्यातून गुरुजींना शाळेचा पट भरायचा होता. त्यांनी हिला वर्षभरानं मोठी करून टाकली, आणि तेच वर्ष आता दारात आडवं पडलं.

विद्यालयातला कारकून म्हणाला, "सरकारी दप्तरातला जन्माचा उतारा आणा. तो धरू. महिनाअखेर आला नाही तर जागा पुढच्या नंबरला." पुढच्या वर्षी बघू म्हणायची सोय नव्हती. पुढच्या वर्षी वय काही उतरणार नव्हतं.

"मी येते संगं," बायको म्हणाली.

"तू कशाला? कचेरीची भाषा वेगळी असते. तिथं आमचं आम्हाला कळतं."

तिचं माहेर कर्जत तालुक्यात, म्हणून मी कर्जत गाठलं. स्टँपाचा अर्ज घोटून लिहिला होता. अभिलेखाची खोली मात्र बघण्यासारखी. भिंतभर मांडणीचे लाकडी घोडे, त्यांवर लाल कापडात बांधलेले वह्यांचे गठ्ठे. या गठ्ठ्याला कचेरीत रुमाल म्हणतात. नाक पुसायच्या रुमालाशी त्याचं नातं एवढंच, की तो सोडला की शिंका येतात. गावागणिक, वर्षागणिक रुमाल. तालुक्यात कोण आलं आणि कोण गेलं, सगळं तिथं बांधून ठेवलेलं. माझा ऊर उगीचच भरून आला, जणू मीच ते बांधले होते.

रेकॉर्डकीपर सुपारी कातरत बसले होते. अर्जावर नजर टाकून म्हणाले, "या नावाची मुलगी या तालुक्यात जन्मलेली नाही."

"न बघताच?"

"नाव सासरचं दिसतंय. कुणी ठेवलं?"

"मीच. लग्नात. ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहून."

"मग ही तुमच्या मांडवात जन्मली. मांडवाचं रजिस्टर आमच्याकडं नसतं."

मी घाईघाईनं माहेरचं नाव सांगितलं. त्यांनी हात हलवला. "तेही राहू द्या. पोर जन्मलं की पोलीस पाटील नोंद करतो, बारसं होतं मागाहून. आमच्याकडं सगळी लेकरं बिननावाची. बापाचं नाव बोला, गाव बोला."

बोललो. रुमाल सुटला, मी चार शिंका दिल्या, आणि त्यांचं बोट पानावरून उतरत एका ओळीपाशी थांबलं. मुलगी. सासऱ्यांचं नाव. त्यांचंच गाव.

"साल मात्र दाखल्याच्या बरंच पुढचं आहे," ते म्हणाले.

"गुरुजींचं काय सांगावं, साहेब! त्यांनी चढवलंच होतं."

"एवढं? सासऱ्यांना मुलगी एकच ना?"

"एकच," मी छातीठोक सांगितलं.

त्यांनी नक्कल करून दिली. खाली सही, गोल शिक्का, आणि 'खरी नक्कल' असे शब्द. मला त्या शब्दांची गंमत वाटली. आता नक्कल कधी खरी असते का? पण कचेरीत असते. शिक्का बसला की नक्कलही खरी.

घरी आल्यावर पेढ्यांचा पुडा तिच्या पुढ्यात ठेवून वर उतारा ठेवला. तिनं तो उभ्याउभ्याच वाचला. मग खाली बसून पुन्हा वाचला.

"ही मी न्हाई."

"अगं, त्यात नाव नसतंच. कचेरीची पद्धत—"

"ठावं हाय. ही माझ्या पाठीवरची. अंगावर पीत हुती तवाच गेली. आई तिचं नाव काढत न्हाई, मंग तुमाला कसं ठावं असनार?"

इथं मी गप्प राहिलो असतो तर बरं झालं असतं. पण आतला कारकून गप्प बसेना.

"हे बघ," मी म्हणालो, "नाव कुठंच नाही. बाप तोच, गाव तेच, शिक्का आहे. महिना संपत आलाय. यात तू आणखीनच लहान ठरतेस. कुणाला कळणार आहे?"

तिनं उताऱ्याची सावकाश घडी घातली. "तिच्या वाटनीला जगात एवढी एक ओळ आली. ती बी मीच घिऊ व्हय?"

पेढे दोघांनीही खाल्ले नाहीत. शेजारी दिले, कशाचे ते न सांगता.

शेजाऱ्यांकडून परत आल्यावर मी विचारलं, "मग तुझी नोंद गेली कुठं?"

"अवं, थोरली लेक कुठं जन्मती? आईच्या म्हायेरी. मी कोल्हारची. तुमी इचारलं कुठं?"

आता हे न कळायला मी काही विलायतेतून आलो नव्हतो. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक असतं. आमचा थोरला हिच्या माहेरी झाला, तेव्हा पाळणा एसटीच्या टपावर टाकून मीच नेला होता. पण अर्ज लिहायला बसलो की माणूस नवरा राहत नाही, नुसता अर्जदार होतो.

पुढच्या खेपेला ती बरोबर आली. खरं सांगायचं तर मी तिच्याबरोबर गेलो. काष्टीहून नगर, नगरहून मनमाड रस्त्याची एसटी. तो दुष्काळाचा उन्हाळा. आमच्या बाजूची रानं पार उघडी पडलेली, रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या माणसांच्या रांगा. प्रवरेच्या अंगाला आल्यावर कुठं कुठं उसाचा हिरवा तुकडा दिसायला लागला. "पान्याच्या गावची लेक कोरड्यात दिली म्हनून आजी आईला बघून रडायची," ती खिडकीतून बघत म्हणाली. मी लगेच माझ्या कारखान्याचा ऊस कसा हिरवा आहे ते सांगायला लागलो. तिनं ते ऐकून घेतलं.

कोल्हार ज्या तालुक्यात मोडायचं, तिथल्या कचेरीतले रेकॉर्डकीपर निराळ्या घाटणीचे होते. किडकिडीत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि नियमाबाहेर श्वाससुद्धा न घेणारे. आपल्या खोलीचा त्यांना भारी अभिमान. माझ्या हातून पेन्सिल काढून घेत म्हणाले, "इथं शाई न् पेन्सिल बाहेर ठेवायची. वाचायला बोट पुरतं." मग अर्ज बघून विचारलं, "तारीख?"

मी घसा खाकरला. तेवढ्यात बायको म्हणाली, "तारीख न्हाई सांगता यायची, भाऊसाहेब. खांदेमळनीचा दिवस. स्वराज्य आलं त्याच्या पुढल्या वर्साची. आजोबा बैल धुवायला प्रवरेवर गेलं हुतं, तिथं त्यास्नी सांगावा गेला."

मी मनात म्हटलं, झालं. आता हा माणूस हसणार. खांदेमळण म्हणजे पोळ्याचा आदला दिवस, बैलांचे खांदे तुपाहळदीनं चोळायचा. सरकारदरबारी अशी तारीख कोण घेतो?

पण ते हसले नाहीत. खुर्चीत जरा पुढं सरकले. "हे बरं सांगितलंत. तारीख सांगणारा चुकतो. सण सांगणारा सहसा चुकत नाही."

जुन्या पंचांगांची चळत त्यांच्या टेबलाखालीच होती. त्यातून त्यांनी पोळा काढला, पोळ्यावरून महिना, महिन्यावरून रुमाल. रुमाल सोडायची रीतही देवाचं सोवळं सोडावं अशी. आणि बोट थांबलं. मुलगी. बापाचं नाव सासऱ्यांचं, राहणार तालुका कर्जत. खबर देणार म्हणून हिच्या आजोबांचं नाव.

अक्षर बोरूचं, ठसठशीत. त्या अक्षराकडं मी बघत राहिलो. ऐन पोळ्याच्या गडबडीत, बैलांची शिंगं रंगवायची सोडून एक आजोबा पाटलाकडं जातात. नातू नव्हे, नात झालेली. तीही दुसऱ्याच्या घरची, दुसऱ्या तालुक्यातली. आणि पाटीलही "मुलगीच ना, बघू पोळ्यानंतर" असं न म्हणता ती लिहून घेतात. मग कुणीतरी ते कापडात बांधतं, कुणीतरी दर पावसाळ्यात वाळवीपासून जपतं. पाटील कोण होते, मला माहीत नाही. आजही कधी त्या रस्त्यानं गेलो की माझा हात आपसूक टोपीला लागतो.

नक्कल लिहायला रेकॉर्डकीपरांनी टाक बुडवला. काम झालं होतं. दुसरा कुणी असता तर हात जोडून उभा राहिला असता. मी म्हणालो, "बरं झालं सापडली, भाऊसाहेब. कर्जतला तर भलतीच सापडली होती."

टाक हवेत थांबला. "भलतीच म्हणजे?"

मी खुलासा केला. मला वाटलं, माणूस खूश होईल. त्यांनी टाक दौतीत ठेवून दिला.

"म्हणजे मुली दोन. पैकी एक वारली. मग वारली ती हीच नव्हे कशावरून? या नोंदीत नाव नाही. समोरच्या बाई कोण, हे या वहीला कसं कळावं?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं. अंतरपाट दूर झाला तेव्हासुद्धा तिनं मला एवढं रोखून बघितलं नव्हतं. महिना संपायला आला होता. माझ्या जिभेपायी तिचं ट्रेनिंग त्या दौतीत बुडताना मला दिसत होतं.

तिनं पिशवीत हात घातला आणि कर्जतचा उतारा काढून टेबलावर ठेवला. तो तिनं बरोबर घेतलाय हे मला ठाऊकच नव्हतं.

"हा बघा, भाऊसाहेब. ही धाकली. हिच्या खबरीला आजोबा न्हाईत, जन्म बी आमच्याच गावचा. शिक्का हाय, सही हाय. मला खोटंच करायचं असतं तर हाच नगरला दिला असता. ह्यात मी आनखी ल्हान हुते. हितवर एस्टीचं धक्कं खात कशाला आले असते?"

त्यांनी उतारा उचलून वहीशेजारी धरला. एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं. चष्मा वर सरकवला.

"म्हणजे बाई, फायद्याचा कागद पिशवीत ठेवून तुम्ही तोट्याचा मागताय?"

"तोट्याचा न्हाई. माझा मागतीया."

ते उठून आत अव्वल कारकुनांकडं गेले. आम्ही दोघं उभे. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तिच्याकडं बघून मिटलं. आतून कुणाचं तरी हसणं ऐकू आलं आणि ते परत आले.

"वहीत आहे तेवढंच मी लिहिणार," ते म्हणाले, "एक कानाही जास्त नाही. मात्र आईचं प्रतिज्ञापत्र करून जोडा, की ही आपली पहिली मुलगी, कोल्हारची. अंगठा चालेल. बाकी माझ्या दप्तरात खोटं नाही, आणि तुमच्या बोलण्यात मला दिसत नाही."

नक्कल झाली, शिक्का बसला. कर्जतचा उतारा त्यांनी दोन्ही हातांनी तिला परत दिला. "हाही ठेवा. कामाचा नाही म्हणून टाकू नका."

"टाकत न्हाई," ती म्हणाली.

सासूबाईंनी अंगठा दिला. त्या वेळी धाकटीचा विषय निघाला आणि मायलेकी आतल्या खोलीत बराच वेळ बसून राहिल्या. मी बाहेर पडवीत होतो. आत जायची माझी जागा नव्हती, एवढं तोवर मला समजायला लागलं होतं.

मग नगर. विद्यालयाच्या कारकुनापुढं ती कागद घेऊन एकटीच गेली. मी व्हरांड्यात खांबाला टेकून उभा. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला, पानं उलटल्याचा आला, मग बराच वेळ काहीच येईना. अखेर शिक्का आपटल्याचा धपकन आवाज झाला, आणि ती दारात आली. तोंडावर हसू होतं, ते पदराआड लपता लपत नव्हतं.

"झालं," ती म्हणाली. "आत या. पालक म्हनून तुमची सही लागतीया. आन इचारतील तेवढंच बोला."