पाण्यापलीकडची मांजरं

मुलुंडच्या आमच्या चहाच्या टपरीवर अजूनही कोणीतरी म्हणतं, "यार, बेटाचा एखादा किस्सा सांग ना." कुठला सांगू? एक सोडला की मागून दोन येतात. मांजरांचंही तेच झालं होतं.

भांडुपच्या खाडीत, मिठागरांपलीकडे एक लहानसं बेट होतं. टिटव्या तिथे उघड्या जमिनीवर अंडी घालायच्या आणि मांजरं ती खायची. मांजरं हटवायला आम्ही दर रविवारी एका म्हाताऱ्या नाखव्याच्या होडीने जायचो. आम्ही म्हणजे मी, शाळेत शिकवणाऱ्या नेनेबाई आणि परब. परबाची गिरणी संपात गेली ती गेलीच. त्याला आता एकच हवं होतं, या बेटावर टिटवीचं एक पिल्लू उडताना बघायचं. "एकच रे," तो म्हणायचा, "मगे आपण कायतरी केला असा वाटात."

परबवहिनींना टिटवीचं नावही नको असायचं. "ती आरडली काय वायट होता. मुद्दाम आयकाक कित्याक जातास?"

"गिरण गेली," परब म्हणाला, "आता आणि काय वायट होवचा रवलाहा?"

वहिनींनी डबा भरून दिला. पुढे दर रविवारी देत राहिल्या.

*

पिंजऱ्यात लावायला सुके बोंबील लागायचे आणि ते राहायचे नेनेबाईंच्या पर्समध्ये. जन्मात अंडं न खाल्लेली बाई! एका सोमवारी वर्गात मांजर शिरलं आणि थेट पर्सपाशी जाऊन बसलं. हेडबाई वास घेत म्हणाल्या, "नेने, तुम्हीसुद्धा?"

"टिटव्यांसाठी," नेनेबाई म्हणाल्या. हेडबाईंनी खिडकी उघडली.

*

मदत मागायला एका खात्यात गेलो. साहेब म्हणाले, "मांजर जंगली जनावर नाही, आमच्याकडे येत नाही." दुसऱ्या खात्यात म्हणाले, "आम्ही फक्त कुत्री धरतो."

परबाने विचारलं, "साहेब, आम्ही बेटावर कुत्री सोडली तर याल?"

साहेब खरंच विचारात पडले. मग म्हणाले, "बेट आमच्या हद्दीत नाही."

*

ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांनी मात्र सरळ सांगितलं, "इंजेक्शन द्या. दुसरा उपाय नाही."

मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, हे आम्हा तिघांच्याही आयांनी सांगितलेलं. मी म्हटलं, "सोनं कोण आणणार?" विषय तिथेच संपला.

मग धरलेली मांजरं गोणीत घालून भांडुपच्या मासळीबाजारामागे सोडायला लागलो. परबाची चाळ तिथेच. निदान पोट भरेल बिचाऱ्यांचं. नेनेबाई प्रत्येकाच्या गळ्यात लाल लोकर बांधायच्या. गळ्यात काही दिसलं की जनावर पाळीव वाटतं, कोणी दगड मारत नाही.

*

तरी मांजरं संपेनात. कितीही न्या, बेटावर आहेतच. वैताग आला होता अगदी. नेनेबाई तर एकदा होडीत रडल्या.

त्या उन्हाळ्यात एका घरट्यातली अंडी टिकली. परबाला काम नव्हतंच, तो रोज जाऊन डोक्यावर ओला टॉवेल टाकून राखण करायचा. पिल्लं बाहेर आली. फक्त शनिवारी तो गेला नाही, एका कारखान्यात कामासाठी बोलावलं होतं. ते काम मिळालं नाही.

रविवारी पोचलो, तर घरट्याजवळ नुसती पिसं. टिटवी डोक्यावर ओरडत फिरत होती. पलीकडच्या पिंजऱ्यात मांजर होतं, गळ्यात लाल लोकर.

"हे परत आलं कसं?" मी नाखव्याला विचारलं.

"मंग? लोकं गोनीत भरून देतान, मी हितं आनून सोडतो. पान्यापल्याड सोडली का परत येत नाय."

"ह्या कोणी दिल्यान?" परबाने विचारलं.

नाखवा त्याच्याकडे बघेना. "तुमच्याच घरून, वहिनीनी. काल. रोज घरात शिरून मासे खात व्हतं. म्हनल्या, मारू नको हां, लांब सोडून ये. आमच्या ह्यांना मांजराला मारलेलं सोसत नाय."

परब पिंजरा मांडीवर घेऊन होडीत बसला. थोड्या वेळाने त्याने वहिनींचा डबा उघडला. तळलेला बांगडा होता. त्यातला एक तुकडा मोडून त्याने पिंजऱ्यात सरकवला.